किती कर्ज झेपेल?

नऊ मार्च, रविवार. रक्कम एक पौंड. स्थळ आमचं मँचेस्टरमधलं स्वयंपाकघर. हजर: बावीस नंबरचे रेगेकाका, अठरा नंबरचे पेणकर अंकल, आम्ही वीस नंबरवाले म्हणजे मी आणि माझा नवरा सुहास, आणि पेढे द्यायला आलेलं एक तरुण जोडपं, सहा आठवड्यांच्या बाळासह.

रेगेकाकांनी पेढा घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बाळाकडे बराच वेळ बघितलं. अशा वेळी आपण नाक कुणासारखं, जिवणी कुणासारखी, असं काहीतरी म्हणतो. काका म्हणाले, "छान आहे. याला किती कर्ज झेपेल?"

बाळाच्या आईने बाळ जवळ ओढून घेतलं.

"काका प्रेमाने म्हणतात ते," मी म्हणाले. हे खरंही आहे. पण हे वाक्य मला इतक्यांदा म्हणावं लागलंय की त्याचं कार्ड छापून पर्समध्ये ठेवावं असं वाटतं. काकांनी हा प्रश्न कुणाला विचारला नाही? रस्त्याच्या टोकाला नवीन चिप्सचं दुकान उघडलं, तिथे विचारला. महाराष्ट्र मंडळाच्या नव्या अध्यक्षांना त्यांच्या अभिनंदनाच्या रांगेत विचारला. सुहासला बढती मिळाली तेव्हा त्याचा हात हातात घेऊन मला विचारला. मी एकदा पुरणपोळ्या नेऊन दिल्या, तर पोळी बोटांवर तोलत म्हणाले, "हिला किती झेपेल?" तेव्हा मात्र ते तुपाबद्दल बोलत होते.

काकांनी लग्न केलं नाही. का, असं मंडळातल्या एका बाईंनी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी दोनच शब्दांत उत्तर दिलं, "झेपलं नसतं."

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. काकांनी लंडनमध्ये एकाच छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. त्या छापखान्यात कथा-कादंबऱ्या छापल्या जात नसत. कंपन्या बाजारातून पैसा उभा करतात तेव्हा गुंतवणूकदारांना जी जाडजूड माहितीपुस्तकं देतात, ती तिथे छापली जात. एका कंपनीने दुसरी गिळायची, त्यासाठी भरमसाट व्याजाने कर्ज काढायचं, आणि त्या कर्जाचे कागद विकायचे, असा धडाका त्या काळी सुरू झाला होता. ज्या कंपनीचा सहजासहजी कुणाला भरवसा वाटणार नाही तिचे हे कागद, म्हणून त्यांना जंक बाँड म्हणत. काका म्हणतात, "आता हाय यील्ड म्हणतात. माणूस तोच, टाय नवा."

हजारो पानांची ती पुस्तकं काकांनी अक्षरन् अक्षर वाचली. बाकी कुणीच वाचली नाहीत, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यातून त्यांना एक सवय लागली. कुठलाही कागद ते खालून वर वाचतात. आधी तळटीप, मग मजकूर, शेवटी मथळा. "मथळा लिहिणाऱ्याला पगार जास्त असतो," ते म्हणतात, "पण खरं काय ते तळटीपवाल्याला माहीत असतं." औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद ते दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना वाचून दाखवतात. मंडळाच्या गणपतीत आरतीचे छापील कागद वाटतात. सगळे टाळ्या वाजवत असतात आणि काका तालावर मान डोलवत लाल पेन्सिलने वेलांट्या दुरुस्त करत असतात. आरती संपली की देवाला नमस्कार करून कागद सेक्रेटरींना परत देतात.

निवृत्त झाल्यावर लंडनची एका बेडरूमची जागा विकून त्यांनी इथे तीन बेडरूमचं घर घेतलं. तीन बेडरूम कशाला, असं मी विचारलं होतं. "एकात मी झोपतो. उरलेल्या दोन राखीव निधी."

आता पेणकर अंकल. त्यांच्याशिवाय काकांचं चित्र पुरं होत नाही.

पेणकर अंकल मूळचे मुंबईचे, बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. घरात मेणबत्त्यांच्या शेजारी कोकणातल्या नारळांचा फोटो. त्यांचं मराठी माझ्या आजोबांच्या वळणाचं, आणि चिडले की आणखी शुद्ध होतं. ते इथल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कारखाना विजेच्या किटल्या करायचा. पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या किटल्यांमधली सदोष किटली ते नुसत्या झाकणाच्या आवाजावरून ओळखायचे. एके दिवशी कुणीतरी तो कारखाना विकत घेतला. पन्नास मिलियनना. त्यातले चाळीस मिलियन कर्जाचे, आणि ते कर्ज घेणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर ठेवलं नाही, कारखान्याच्याच डोक्यावर ठेवलं. मग व्याज भरायला कारखान्याची जमीन विकली, तीच जमीन भाड्याने घेतली, मग भाडं परवडेना. तीन वर्षांत कुलूप. अंकलचं पेन्शनही कापलं गेलं.

"म्हणजे बघ," अंकल मला समजावून सांगत, "एक माणूस माझ्या दारात आला. माझंच घर गहाण टाकून त्या पैशाने माझंच घर विकत घेतलं. आणि वर मला म्हणाला, पेणकर, तुमच्या डोक्यावर फार कर्ज झालंय हो."

चार वर्षांपूर्वी अंकलच्या पत्नी, रूथ आंटी, गेल्या. त्यानंतर अंकल घराबाहेर पडेनात. पडदे बंद. मी डबा पाठवायची, तो तसाच परत यायचा. त्यांचा मुलगा बेनी एडिनबराहून दर शनिवार-रविवारी येत होता, पण त्याच्याशीही ते बोलत नसत. अशा एका रविवारी रेगेकाका त्यांच्या दारात उभे राहिले. सांत्वन वगैरे त्यांना येत नाही. ते म्हणाले, "पेणकर, तुमचा कारखाना बुडाला ते एका परीने बरंच झालं."

आतून ओरडण्याचा आवाज आला. महिन्याभरातला पहिला. दोघं भांडत भांडत रस्त्यावर आले आणि मधलं घर माझं असल्यामुळे न्याय मागायला माझ्या स्वयंपाकघरात शिरले. अंकल त्या दिवशी रागाच्या भरात तीन पराठे जेवले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्याकडे वाद. विषय एकच. जंक बाँड आणि त्यावर झालेली कंपन्यांची गिळागिळी: शाप की वरदान? शाळेत विज्ञानावर असायचा तसा. काका वरदानाच्या बाजूने, अंकल शापाच्या. पंच मी.

मी हॉस्पिटलच्या पेरोलमध्ये, म्हणजे पगाराच्या हिशेबात, आहे. मतांवर निकाल देणं मला जमत नाही, आकड्यांवर जमतं. म्हणून मी नियम केला: ज्याचा आकडा चुकीचा निघाला तो हरला. चूक समोरच्याने पकडायची, पंचाने नाही. कुणीच काही पकडलं नाही तर काका जिंकले, कारण ते म्हणाले, "संशयाचा फायदा कर्ज देणाऱ्याला. कुठल्याही करारात बघ." हरणाऱ्याने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एक पौंड टाकायचा. बरणीचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. निकाल मी वहीत मांडत असे.

त्या नऊ मार्चचा मासला देते. जोडपं घाईघाईने निघून गेलं होतं.

"पेणकर, तुमचे डायरेक्टर बुधवारी काय करायचे?" एवढ्या वर्षांत दोघं 'अरे-तुरे'वर आले होते, पण वादाची सुरुवात काका 'तुम्ही'ने करत. कोर्टात करतात तशी.

"गोल्फ."

"आणि गुरुवारी?"

"बुधवारच्या गोल्फची चर्चा."

"मग झालं तर! डोक्यावर व्याज असलं की माणूस बुधवारी कामाला येतो. कर्ज म्हणजे शिस्त."

"आले का ते कामाला? ते पैसे घेऊन पोर्तुगालला गेले. आता रोजच गोल्फ. शिस्त लागली कुणाला? मला! आधी कँटीनमधली बिस्किटं बंद, मग कँटीन बंद, मग मी बंद."

"तुझं दुःख मी मानतो. पण त्याआधी कर्ज मिळायचं कुणाला? ज्याच्या बापाची बँकेच्या साहेबाशी शाळेपासून ओळख त्याला. तुझ्यामाझ्यासारख्या नवख्याला दारात कोण उभं करायचं? या जंक म्हणून हिणवलेल्या कागदांवर नवे धंदे उभे राहिले, पेणकर. तुझ्या खिशातल्या फोनमागेही असलाच एखादा कागद असेल."

"आणि माझ्या नळामागे? म्हाताऱ्यांच्या केअर होममागे? पोरांच्या नर्सरीमागे? आज जे ते कर्ज काढून विकत घेतलेलं. नळ सोडला की आधी व्याज पडतं, मग पाणी!"

"ठीक. हिशेबाने बोलू. तुमच्या कारखान्यावर चाळीस मिलियनचं कर्ज, दर तेरा टक्के. वर्षाचं व्याज चार पॉइंट दोन मिलियन. एवढंसं व्याज ज्या कारखान्याला…"

"पाच पॉइंट दोन!" अंकल खुर्चीतून उठलेच. "पाच पॉइंट दोन, रेगे! एक मिलियन खाल्लेस! वैशाली, लिहून घे!"

काकांनी कपाळाला हात लावला. "अरे हो. वय झालं." आणि खिशातून पौंड काढून बरणीत टाकला. अंकल त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत होते.

मला विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. कर्ज काढणं वाईट नाही. ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून आपण निघून जाणं वाईट. पण मला कुणी विचारत नसे, आणि तोवर भातही लागायला आलेला असे.

काकांच्या चुका मात्र वाढल्यात असं मला वाटायचं. जवळपास दर रविवारी एक. कधी टक्केवारी, कधी साधी बेरीज. आणि अधूनमधून अंकलच्या कानांवरून ती निसटायची. माझ्या कानांवरून नाही, पण नियम म्हणजे नियम. "दोघंही थकत चालले," मी सुहासला म्हणायची.

सप्टेंबरमध्ये अठरा नंबरच्या हिरवळीत 'फॉर सेल'चा बोर्ड उभा राहिला.

बेनीने तो लावून घेतला होता. बेनी एडिनबराला अशाच एका फंडात कामाला आहे, जो कर्ज काढून कंपन्या विकत घेतो. हे अंकलना कळलं तेव्हा ते आठवडाभर फोनवर आले नव्हते. पण मुलगा गुणी आहे. मला म्हणाला, "वैशाली आंटी, डॅडचा घर टू बिग आहे. आमच्यापासून टेन मिनिट्स लांब एक फ्लॅट बघितलाय. तिथे लिफ्ट आहे. मला रोज काळजी वाटतो, आंटी." यात खोटं काढण्यासारखं काहीच नव्हतं. अंकलनीही मान हलवली होती. शहात्तर वर्षांचा माणूस, जिन्यावर गुडघे दुखतात, मुलगा बोलावतोय. नाही कशाला म्हणायचं?

रेगेकाकांनी बोर्ड वाचला. खालून वर. मग माझ्याकडे आले. "वैशाली, हा होस्टाइल टेकओव्हर आहे. मर्जीविरुद्ध गिळणं."

"काका, त्यांचा मुलगा आहे तो."

"गिळणारे नेहमी घरातलेच वाटतात. अशा वेळी बचावाचे मार्ग असतात. मी सगळे छापले आहेत."

त्यांनी काय छापलं ते पुढल्या शनिवारी कळलं. घर बघायला एक जोडपं आलं होतं. बाई पोटुशी होती, घर तिला आवडलंसं दिसत होतं. ती दोघं बाहेर आली तेव्हा फाटकाशी काका टाय लावून उभे. त्यांनी त्यांच्या हातात एकेक चार पानी पत्रक ठेवलं. त्यावर मथळा होता, 'अठरा नंबर: खरेदीदाराने लक्षात घ्यायचे धोके.' एकूण बावीस कलमं. त्यातली काही मी नंतर वाचली. छपराला सध्या गळती नाही. मात्र यापुढे लागणार नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. बॉयलर चालू आहे; बॉयलर बंद पडतात. मागच्या बागेतलं सफरचंदाचं झाड गोड फळं देतं. पूर्वीचा परतावा हा पुढच्या परताव्याचा भरवसा नव्हे. आणि शेवटचं, बारीक अक्षरात: याच रस्त्यावर बावीस नंबरला एक गृहस्थ राहतात. त्यांचा उपद्रव दर रविवारी अकरा वाजता होतो व तो कायम राहील.

एकही शब्द खोटा नव्हता. छपाईची चूकही नव्हती. जोडपं पुन्हा आलं नाही.

पत्रक अंकलच्या हाती पडलं तेव्हा मी कचऱ्याचा बिन आत घेत होते. अंकल फाटकातून ओरडले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "रेगे, या घराची भिंतन् भिंत रूथने स्वतः रंगवली होती. तू त्याला जंक ठरवलंस."

"पेणकर, मी फक्त…"

"जे माझ्या कारखान्याचं केलं तेच तुम्ही माझ्या घराचं केलंत. कागदावर." आणि दार लावून घेतलं. 'तू'चं 'तुम्ही' कुठल्या शब्दावर झालं ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

पुढल्या रविवारी अकराला कुणीच आलं नाही. त्याच्या पुढल्यालाही नाही. अठरा नंबरचे पडदे पुन्हा बंद झाले. मी डबा पाठवला. तसाच परत आला. मग बातमी आली की घराला ऑफर आलीय. घेणारा एक घरमालक होता. कर्जावर घरं घ्यायची, त्यांत छोट्या छोट्या खोल्या पाडायच्या, भाड्याने द्यायच्या, हा त्याचा धंदा. आमच्या रस्त्यावरची तीन घरं आधीच त्याची. अंकल हो म्हणणार होते. सोमवारी सही.

आदल्या दिवशी, पाच ऑक्टोबरच्या रविवारी, अकराच्या ठोक्याला काका एकटेच आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. समोरची खुर्ची रिकामी. मी चहा ठेवला.

"मी बँकेत गेलो होतो," ते म्हणाले. "अठरा नंबर मीच विकत घ्यावं म्हणून. बचावात असा एक मार्ग असतो, सज्जन खरेदीदार आणायचा. तिथल्या मुलीने वय विचारलं. एकोणऐंशी म्हटलं. तिने कॉम्प्युटरकडे बघितलं आणि मला विचारलं, पाणी आणू का?"

जन्मभर जगाला जो प्रश्न विचारला त्याचं स्वतःपुरतं उत्तर त्यांना मिळालं होतं. मला हसू आलं नाही.

मग काकांनी घसा साफ केला आणि वाद सुरू केला. एकट्यानेच. "पेणकर म्हणाला असता की माणसं गेली त्यांचं काय. मान्य. सातशे कामगार होते. त्यातले पहिल्या वर्षी दोन पंचमांश गेले. म्हणजे दोनशे चाळीस."

ते थांबले. समोरच्या खुर्चीकडे बघत राहिले. मला राहवलं नाही.

"दोनशे ऐंशी, काका."

"तू नाही गं," काका म्हणाले. "तू पकडायची नाही ती."

चहा न पिताच गेले.

मी कप उचलायला वळले. टेबलावर मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं पडली होती. अठ्ठेचाळीस पानं, आणि काकांनी त्याच आठवड्यात त्यांत एकसष्ट चुका काढल्या होत्या. सदतीसावर छत्तीस छापलेला एक पानाचा आकडासुद्धा सुटला नव्हता. हा माणूस म्हातारपणामुळे चाळीसाचे तेरा टक्के चुकतो, असं मी चार वर्षं समजत होते. वही काढली. एकूण रविवार एकशे सत्याऐंशी. काका हरले एकशे एकोणपन्नास वेळा. बरणी आणि वही घेऊन मी अठरा नंबरला गेले. हिशेब मिटवायला आलेय असं सांगायचं ठरवलं होतं.

अंकल खोक्यांच्या मध्ये बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. काकांच्या चुका खऱ्या नव्हत्या, ते मुद्दाम चुकत होते, तुम्हाला पकडता यावं म्हणून.

"मग?" अंकल म्हणाले. "पहिल्या महिन्यापासून माहितीय मला."

"माहितीय?"

"वैशाली, मी अठ्ठावीस वर्षं किटल्या तपासल्या. दोष आपोआप पडलाय की कुणी पाडलाय, एवढं कळणार नाही मला? पण तो आठवडाभर खपून नवी चूक शोधून आणतो. मी पकडली नाही तर त्याचा रविवार फुकट जातो. एकटा माणूस आहे. त्याला दुसरं आहे काय?"

"पण अडतीस वेळा तुम्ही पकडली नाहीत. काका जिंकले."

"बघ ना तुझ्या वहीत, कधी ते."

मी तिथेच खोक्यावर बसून तारखा बघितल्या. काकांचा वाढदिवस ज्या आठवड्यात येतो तो रविवार, चारही वर्षं. दिवाळीजवळचा रविवार, चारही वर्षं. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळत नव्हती तो सगळा जानेवारी. उरलेल्या तारखाही अशाच होत्या.

"आज आला होता?" अंकलनी विचारलं.

"एकटेच बोलत होते."

"चूक केली?"

"दोनशे ऐंशीचे दोनशे चाळीस. मी पकडली."

"तू?" अंकल केवढ्याने तरी ओरडले. "तुला कुणी सांगितलं होतं?" चार आठवड्यांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तो भिंतीपलीकडे गेला असणार, कारण सुहास धावत आला. "तुझं काय काम मध्ये?" मग त्यांनी रूथ आंटींनी रंगवलेल्या भिंतीकडे बघितलं आणि फोन उचलला. "बेनी? डॅड बोलतोय. उद्या सही नाही." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. अंकल म्हणाले, "गुडघे आहेत, कबूल. खालच्या खोलीत पलंग टाकू. पण मला इथे रविवारी काम असतं."

मी घरी येऊन भाजी चिरायला घेतली.

बारा ऑक्टोबर, रविवार. हजर सगळे, फोनच्या पडद्यावर बेनीसुद्धा. अंकलनी मलिदा करून आणला होता: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. काही मनासारखं झालं की त्यांच्याकडे देवाचे आभार मानायला करतात. काका दारात घुटमळत होते.

"ये," अंकल म्हणाले. "तुझं ते बाविसावं कलम बरोबर होतं. उपद्रव कायम."

घर बाजारातून मागे घेतल्याबद्दल एस्टेट एजंटची फी झाली होती तीनशे पौंड, व्हॅट धरून तीनशे साठ. अंकलनी बिल टेबलावर ठेवलं, बरणी उलटी केली. एकशे सत्याऐंशी. "उरले एकशे त्र्याहत्तर," ते म्हणाले. "रेगे, माझ्याकडे नाहीत. कर्ज देतोस?"

"पण अंकल, तुमच्या खात्यात तर…" मी म्हणाले, आणि सुहासने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. अंकलकडे बराच वेळ बघितलं, त्या बाळाकडे बघितलं होतं तसं. "पेणकर, तुझी पत काही खरी नाही. हा कागद जंक ठरेल."

"असू दे. आठवड्याला एक पौंड फेडीन. दर रविवारी, अकरा वाजता."

काका मनातल्या मनात हिशेब करत होते. एकशे त्र्याहत्तर रविवार, म्हणजे तीन वर्षं आणि वर सतरा आठवडे. बँकेने त्यांना एका दिवसाचीही मुदत दिली नव्हती.

"बोल," अंकल म्हणाले. "किती झेपेल तुला?"

"झेपेल," काका म्हणाले, आणि खिशात लाल पेन्सिल शोधू लागले. ती त्यांच्या कानावर होती.

एजंटला एकूण दिले तीनशे साठ पौंड. पैकी बरणीतून एकशे सत्याऐंशी, रेगेकाकांकडून एकशे त्र्याहत्तर. पहिला हप्ता अंकलनी तिथल्या तिथे दिला, एक पौंड, रेगेकाकांना. काकांनी नाणं हातात घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "शिल्लक एकशे बासष्ट."

मी गप्प बसले.

"बहात्तर!" अंकल गरजले. "एकशे बहात्तर, रेगे! पहिल्याच दिवशी?"

काकांनी कपाळाला हात लावला आणि तेच नाणं बरणीत टाकलं. बरणी रिकामी होती, त्यामुळे आवाज मोठा झाला.